रिव्हिजन पाच

सुपर कॉरिडॉरवरच्या आमच्या साइटला
बेसमेंट दोनमध्ये रेंज येत नाही.
टॅबलेटच्या कोपऱ्यात ते गोल चिन्ह
घाण्याच्या बैलासारखं फिरत राहतं
आणि मी रॅम्प चढून वर जातो,
हात उंच करून उभा राहतो.
गांधीनगरच्या बाजूनं विमान उतरत असतं,
पायलटला वाटत असेल
हा म्हातारा मलाच थांबवतोय.

त्या मंगळवारी मी वर गेलो नाही.
गुडघा दुखत होता. एवढंच कारण.

खाली चौथी रिव्हिजन उघडी होती.
थावरसिंगनं सिमेंटच्या बोटानं
नकाशा मोठा करून पाहिला,
काच त्याचं बोट ओळखेना.
पँटला पुसून पुन्हा लावलं, तरी नाही.
मग मीच मोठा केला:
पंपरूमची भिंत, नऊ इंची, इथून इथपर्यंत.
त्यानं सूत बांधलं, ओळंबा सोडला,
ओळंबा थांबेपर्यंत स्वतःही थांबला.
संध्याकाळी भिंत छातीला लागत होती.

पाचवी रिव्हिजन सकाळी सव्वादहालाच येऊन
वर उन्हात कुठंतरी लटकत होती.
पुण्यात बसलेल्या शाल्मली मॅडमनी
एका बोटानं ती भिंत धरली होती
आणि अडीच फूट डावीकडे सरकवली होती,
डक्टसाठी.
बरोबरच होतं त्यांचं.

ॲपमध्ये सगळं लिहिलेलं असतं.
कोणी पाठवलं, किती वाजता, कोणी पाहिलं,
कोणी पाहिलं नाही.
त्या शेवटच्या रकान्यात एकच नाव,
तांबोळकर ए. व्ही.,
तेही स्पेलिंग चुकवून.

बुधवारी घण.
थावरसिंग रागावला नाही. नुसतं विचारलं,
"बाबूजी, दीवार काँच में सरकी, कि सच में?"
मी म्हणालो, आधी काचेत.
तो म्हणाला, "अच्छा,"
आणि पहिला घाव घातला.

मी मूळचा ट्रेसर.
सियागंजमागच्या एका माडीवर, अमोनियाच्या वासात,
अकराशे रुपयांत भिंती काढायचो.
तेव्हा भिंत हलवायची म्हणजे
अर्धं ब्लेड, रोखलेला श्वास,
आणि भोक न पाडता खरवडलेली शाई.
वरून नखानं घासून घासून
जागा गुळगुळीत करायची.
तरी पुढची रेघ तिथं जराशी फुटायचीच,
आणि साहेब कागद उजेडाला धरून म्हणायचे,
"इथं आधी काय होतं रे?"

दुपारी रेमली विटांपाशी बसली.
एकेक वीट मांडीवर घेऊन
थापीच्या पाठीनं मसाला काढत होती.
कोवळा होता, निघत होता.
तो आवाज, खर्र, खर्र,
मी जिन्यात बसून बराच वेळ ऐकला.
कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, गुडघा.

चारशे साठातल्या तीनशे बारा वाचल्या.
ॲपमध्ये 'वाया गेलेला माल' असा रकाना आहे,
वाचवलेल्याचा नाही.
शेरा लिहायला गेलो, 'विटा',
तर टॅबलेटनं सुचवलं, 'विटामिन'.
तीनदा खोडलं.
शेवटी लिहिलं: जुन्याच विटा लावल्या. रेमलीबाई, आलीराजपूर.
पुण्याहून अंगठा आला. निळा.

शनिवारी भिंत नव्या जागी उभी राहिली.
चार कोपऱ्यांतून चार फोटो काढले,
वर जाऊन, हात उंच करून पाठवले.
लाल टिंब हिरवं झालं.

सोमवारी गिलावा चढायचा होता,
म्हणून रविवारी उगीच एकटा खाली उतरलो.
टॅबलेट घरीच ठेवला होता.
अंधारात भिंतीवरून हात फिरवला.
काही विटा सपाट, नव्या,
आणि मधे एखादी खरखरीत,
कडेला जुना मसाला चिकटून राहिलेली.

काचेवर बोट कुठंही ठेवा, सारखंच लागतं.
इथं मी मोजत गेलो.
सत्तेचाळिसाव्या विटेला वॉचमननं बॅटरी मारली,
"कौन है उधर?"