अर्धा दगड

ऊंटाधुरा चढताना आधी बकऱ्या शिंकतात,
मग माणसं गप्प होतात,
गोकर्णसिंग पांगती सांगतात.
खिंडीला ते खिंड म्हणत नाहीत, ‘ती’ म्हणतात.
ती उघडली. तिनं दोघं ठेवून घेतले.

वर जायचा गूळ, जव, कापडाचे तागे.
खाली यायचं मीठ, टाकणखार, लोकर,
प्रत्येक बकऱ्याच्या पाठीवर दोन पिशव्या
आणि बापाच्या कमरेला, फडक्यात गुंडाळलेला,
अर्धा दगड.

दुसरा अर्धा ग्यानिमाच्या बाजारात, वांग्यालकडे.
कुणा पणज्यांनी फोडलेला.
कडा जुळल्या की मुलगा येवो, पुतण्या येवो,
सौदा पक्का. कागद नाही, साक्षीदार नाही.

एकसष्टच्या भाद्रपदात वांग्याल म्हणाला,
चौदा पिशव्या मीठ राहिलं,
पुढच्या वर्षी चुकतं करतो.

पुढचं वर्ष बंदुका घेऊन आलं.

आता मिलमच्या घरांना छपरं नाहीत,
चुलीच्या जागी खाजरं गवत.
मुनस्यारीच्या दुकानात मीठ पुड्यांतून मिळतं,
आणि सून परवा त्या दगडानं लसूण ठेचत होती.
ते काही बोलले नाहीत.
धुतला, पुसला, फडताळात वर ठेवला.

मी म्हटलं, कोण येणार आता?

म्हणाले, खाल्ल्या मिठाला जागावं, हे सगळेच सांगतात.
न खाल्लेल्याचं काय?

मग दगड माझ्या तळहातावर दिला.
सगळा गुळगुळीत, एकच बाजू खरखरीत.
तिथं बोट फिरवू नकोस, म्हणाले.
कड झिजली, तर तो ओळखणार कसा?