फणसाच्या फळ्या

दिवाडीच्या धक्क्यावरून तिसरं दार,
मिंगेल मेस्ताचं.
ओसरीवर एकाच फणसाच्या फळ्या:
काही शाणू भटाच्या देव्हाऱ्याला,
बाकीच्या काल रात्री गेलेल्या
बास्त्यांवच्या पेटीला.

मी विचारलं,
दोन्ही खरे कसे असतील?
एक म्हणतो पुन्हा जन्म,
दुसरा म्हणतो एकदाच, मग हिशेब.

रंधा थांबला.
"नाहीच असणार," तो म्हणाला.
"कोणीतरी चुकतोय.
मीही असेन."

मग पेटीच्या तळफळीवर
त्यानं तळवा फिरवला.
एक कुसळ राहिलं होतं.
मेलेल्याला टोचतं थोडंच?
तरी झुकून, नखानं
काढलं.

परतताना फेरीबोटीत
माझ्या बोटात काहीतरी सलत होतं.
कुठल्या फळीचं,
उजेडात धरून पाहिलं.
कळेना.