दक्षिणमुखी

सुकईबाईनं शाळेमागे खड्डा खणायला घेतला
तेव्हा लालजी जामूनकर सायकलवरून एक पाय टेकवून म्हणाला,
"कोण गेलं व? अन् दोघं एकदमच?"
कारण लांबी होती दोन माणसांची,
खोली कंबरेइतकी,
आणि मुरूम ती एकाच अंगाला टाकत होती,
उत्तरेला, बांधासारखा.

बाई आश्रमशाळेत पोळ्या लाटायची, मी तिथला कामाठी.
चिखलदऱ्याच्या मागच्या या टेकाडावर
कार्तिकात वांगी, मग आलू, मग आलू,
मग पूस लागला की आलूचं पाणी.
परतवाड्याची गाडी घाटात अडकली
तर तेही नाही.

अधीक्षक गावंडे सर खड्ड्याभोवती एक फेरी मारून आले.
"तोंड दक्षिणेला काहून? यमाची दिशा ते."
बाई कुदळीवर रेलली.
"पुसात सूर्य कुठून जाते, सर? पाहून घ्या न एक रोज.
यमाच्या दारावरूनच जाते, खाली वाकून."

तो खरंच वाकून जातो.
नवाच्या पुढे सागाच्या शेंड्यांतून वर येतो,
चारला गाविलगडाआड बुडतो.
मधले सहा-सात तास असेच वाया जातात
हे बाईला सहन होत नव्हतं.

डबे मीच वाहिले. तेलाचे, पंधरा किलोवाले, बावीस.
पोरांच्या आंघोळीचं पाणी त्यांत तापायचं,
छतावर सौरबंब आला आणि ते भंगारात गेले.
काळा रंग आणावा लागला नाही,
चुलीनं आधीच देऊन ठेवला होता.
पाणी भरून उत्तरेच्या दगडांना टेकवले,
प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे,
सगळ्यांची तोंडं उन्हाकडे.

वरून काचा, तिरप्या.
पाडलेल्या जुन्या वर्गाच्या खिडक्या.
एकीवर खिळ्यानं कोरलेलं: शिवलाल.
आडनाव नाही.
बाईनं ती काच मधोमध लावली.
मी विचारलं नाही.

पहिली पेर शिजली.
झाकण उचलायचं राहिलं एका दुपारी,
मेथी निघाली कढईतून काढावी तशी.
"थंडीनं मरते माहीत होतं," बाई म्हणाली,
"ऊबेनंही मरते, हे नोयतं माहीत."
मग तिनं एक धोंडा रोवला.
खांबाची सावली धोंड्यावर आली
की काच वीतभर टेकवायची,
सावली धोंडा ओलांडून गेली की बंद,
आणि वरून गोणपाट, तणस, फाटक्या सरकारी चादरी.

संक्रांतीच्या आदल्या रात्री
बाहेरच्या बादलीवर पापुद्रा धरला.
वाटाण्याचा वेल सकाळी काळा, लुळा.
मी पाच वाजता गोणपाट सारून आत हात घातला,
चाचपडत डब्याला लावला.
गरम म्हणता येणार नाही.
खुडूक कोंबडीखाली हात घालावा तसं काहीतरी.
आणि पालक, ओला,
जणू रात्री काही झालंच नाही.

म्हणजे कालची दुपार इथंच होती,
बावीस डब्यांत.
गेलीच नव्हती.

आता ऊन चढलं की काचेवरचं नाव आत उतरतं.
सकाळी मुळ्यावर,
बाराला पालकावर,
मग सांभाराच्या वाफ्यात, ताणलेलं, जेमतेम वाचता येईल असं.
पोरं खुडायला येतात
तेव्हा बाई त्यांना पलीकडून फिरून जायला लावते.
कारण सांगत नाही. ओरडते नुसती.

लालजी परवा दोरी घेऊन आला.
खड्ड्याच्या कडेनं गाठी मारत मोजत राहिला.
मी म्हटलं, "किती जण हायेत?"
"सात," म्हणाला,
आणि मग त्याला आठवलं. एकटाच हसला,
आणि दोरी आणखी दोन हात सोडली.