चार पट्ट्या, खिडकीत

नंदगडच्या इनास पोदेरची काथवट.
फणसाच्या एका ओंडक्यातून कोरलेली,
हळदीच्या पाण्यातून काढल्यागत पिवळी.
एकशेवीसचा पेपर, मग दोनशेवीस,
मग ओलं फडकं फिरवून उठवलेली लव
तीनशेवीसनं पुन्हा बसवली.
आता वर लावायचं काय?

गणपत गल्लीतला दुकानदार म्हणाला,
मेलामाइन न्या. काचेगत चमकतंय की.
मी म्हटलं, चमकतंय, खरं
त्यात रोज पीठ मळणार आहेत.
(आमच्याकडं ‘पण’ म्हणायचं तिथं ‘खरं’ म्हणतात.
पुण्याची माणसं हसतात.
लाकडाच्या कामात दोन्ही एकाच जागी येतात.)

मौनेश बडिगेर कानडीत कमी बोलायचे,
मराठीत त्याहून कमी.
उरलेल्या तुकड्याच्या त्यांनी चार पट्ट्या केल्या,
मागं पेन्सिलीनं आकडे घातले.
एकीला स्पिरिटात विरघळवलेला चपडा,
दुसरीला मेलामाइन, तिसरीला नुसतं मेण,
चौथीला बैलहोंगलच्या घाण्यावरचं
जवसाचं कच्चं तेल.
आणि ठेवल्या खिडकीत, भर आषाढात,
खानापुरात, जिथं काडीपेटीसुद्धा
चुलीपाशी झोपवावी लागते.

इनास सायकलवरून यायचा.
‘झाली?’
‘नोडु,’ बडिगेर म्हणायचे. बघ.
तो पट्ट्या बघायचा,
चार पाव ठेवून जायचा.

दहाव्या दिवशी चपड्यावर पांढरं धुकं चढलं,
म्हाताऱ्याच्या डोळ्यात उतरतं तसं.
मेणावर थेंब आधी गोल बसला
आणि तासाभरानं डाग ठेवून गेला.
मेलामाइन मात्र झकास.
बडिगेरांनी कडेला टोचा लावला,
थेंबभर पाणी सोडलं, दोन दिवस थांबले,
आणि नखानं उचललं तर
कांद्याच्या सालीगत अख्खं वर आलं.
हे पिठात जाणार, ते म्हणाले नाहीत.
साल माझ्या तळव्यावर ठेवली.

चौथी तेवढी चिकट. महिनाभर चिकट.

तेलाची फडकी मी चुरगळून कोपऱ्यात टाकली होती.
त्या एकदाच ओरडले माझ्यावर.
बोळा आतल्या आत तापतो,
कुणी काडी न लावता पेटतो.
मग तारेवर पसरून घातली, एकेक सुटी,
बालवाडीतल्या रुमालांगत.

मधेच कुणीतरी दारात थांबून विचारलं,
रंग कुठला देणार?
आमच्या भागात रंग विचारला की
माणूस जरा थांबून उत्तर देतो.
पाटीवर, कमानीवर, गळ्यातल्या पट्ट्यावर
रंगाला आधी बाजू असते, मग छटा.
‘बण्ण बेडा,’ बडिगेर म्हणाले.
रंग नको. लाकडाला हाय की.

गौरी गेल्यावर उघडीप पडली.
बांगड्या वर सारून मी तेलात हात घातला.
वाटी कोमट पाण्यात ठेवलेली,
तळव्यानं चोळायचं, उभ्या रेषेच्या मागं मागं,
अर्धा तास पिऊ द्यायचं,
राहिलं ते पुसून काढायचं, सगळं,
लावलं होतं की नाही अशी शंका येईतो.
आठवड्यानं दुसरा हात. पंधरवड्यानं तिसरा.
मी चौथ्यासाठी वाटी घेतली
तर त्यांनी झाकण लावलं.
‘साकु.’
पुरे, एवढाच त्याचा अर्थ,
खरं मला तो शिकायला
पुढची सहा-सात कामं बिघडवावी लागली.

बडिगेर आता बागलकोटला, लेकीकडं.
परवा इनास काथवट घेऊन आला,
कॅरिअरला सुतळीनं बांधून.
पिवळी गेली, गुळाच्या ढेपेगत झालीय.
तळाशी मुठींचे दोन खळगे धरू लागलेत.
वास ताडीच्या आंबोणाचा, आणि खाली कुठंतरी जवस.
मी कड नखानं खरवडून बघितली.
तेलाचा थर काही सापडला नाही,
लाकूडच लागलं.

‘नीट आहे न्हवं?’ इनासनं विचारलं.
‘आहे,’ म्हटलं, ‘खरं...’
आणि डबा उघडला.