दुसऱ्याची जीभ

नोव्हेंबरच्या एका ओल्या सकाळी
मिरांदेलातल्या माझ्या औषधांच्या दुकानात
अबीलियो आला. कोटाच्या खिशातून
वर्तमानपत्रात गुंडाळलेली वडी काढली
आणि काउंटरवर ठेवली,
मेलेलं पाखरू ठेवावं तशी.
"तपासून दे, एउलालिया."

साबण होता. गेल्या वर्षीच्या ऑलिव्ह तेलाचा.
गिरणीतून नवं तेल आलं की
जुनं असंच संपवायची झुल्मिरा,
अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून,
आधी पाणी, मग त्यात कॉस्टिक.
उलटं कधी नाही. उलटं केलं तर
उसळून तोंडावर येतं, ती म्हणायची.

मार्चमध्ये ती गेली.
कृती राहिली कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीने लिहिलेली,
आणि सोड्याच्या आकड्यावर नेमका तेलाचा डाग.
एकशे अठ्ठावीस की एकशे अडतीस?
मधला दोन आहे की तीन?
"मी दोन वाचला," अबीलियो म्हणाला.
थोडं थांबून, "चष्मा नव्हता."

मी पावतीच्या मागे हिशोब केला.
किलोभर तेल एकशे चौतीसच्या आसपास सोडा पचवतं.
दोन असेल तर हात धू.
तीन असेल तर चार ग्रॅम सोडा
त्या वडीत उपाशी बसलाय,
आणि उपाशी सोडा कातडी खातो.

वरची पांढरी पूड मी नखाने खरवडली.
ती हवेची करामत, तिला भिऊ नये.
सुरीने वडी मधोमध कापली:
ओल नाही, पाण्याचा खळगा नाही.
पट्टी भिजवून टेकवली, ती हिरवी झाली,
निळ्याकडे झुकली, अकराच्या आसपास.
पण साबणापुढे पट्टी जरा थापाडीच.

"झुल्मिरा कागद वापरत नव्हती.
ती जीभ लावायची."
"मग तू लावून बघ."
"लावली. काही नाही."
मग हळूच, गळ्याच्या डागाकडे बोट नेत,
"पस्तीस वेळा किरणं दिली त्यांनी.
तेव्हापासून मीठही लागत नाही मला."

जिभेला हाड नसतं, आमचा अबीलियो म्हणजे
गावभर बोलणारा माणूस.
आता त्याच्या जिभेला चवही नव्हती,
आणि घरात दुसरी जीभ नव्हती.

मी बोट भिजवलं, कापलेल्या बाजूवर घासलं,
जिभेच्या टोकाला लावलं.
चटका. टॉर्चच्या चौकोनी सेलला
लहानपणी जीभ लावायचो तसा, निळा, टोकदार.
दोनदा चूळ भरली. "कधी केलास?"
"परवा."
"परवा! आणि कुठे ठेवलास?"
"गॅरेजमध्ये."
"अरे, थंडीत तेल आळस करतं.
आत आण, टोपलीत मांड, वारा लागू दे.
नाताळपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस."
"आणि तीन असला तर?"
"तर तेव्हाही चावेल. मग बघू."

डिसेंबरात आला. दुसरी वडी.
चटका नाही, एक हलकी गुदगुल्यागत चुळबुळ,
खरी की माझा वहम, सांगता येईना.
दुधाने पोळलेलं तोंड माझं, मी दोन दिवस
कॉफीसुद्धा फुंकून प्यायले.

जानेवारीत तिसऱ्यांदा.
वडी टणक, कडेला पिवळसर, जुन्या दातासारखी.
पट्टी नऊवर. मी कापली, बोट ओलं केलं,
जिभेला लावलं, वाट पाहिली.
काही नाही. नुसता साबण.

"कशी लागते?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, कडू. तो हलला नाही.
म्हटलं, पावसात भिजलेली पाटी चाटल्यासारखी.
तो हलला नाही.
म्हटलं, तेलाची थोडी आठवण आहे, शेवटाला.
तेव्हा मान हलवली. "ती कधी सांगायची नाही.
नुसतं थुंकायची आणि म्हणायची…"

मी सिंकमध्ये थुंकले.
"चालेल," म्हटलं.

पट्ट्यांचे पैसे घे म्हणून भांडला. घेतले.
मग खिशातून घडी घातलेलं कॅलेंडर काढलं,
माझं पेन मागितलं,
आणि तेलाच्या डागावर, चष्मा लावून,
एक दोन ठळक केला.