ळ नसलेलं यंत्र

सातपूरला, पत्र्याच्या शेडमध्ये
आम्ही अकराजणी घरगुती कॉम्प्युटर बनवायचो.
घरगुती म्हणजे कुणाच्या घरचा, ते विचारायचं नाही.
आमच्याकडे तर टीव्हीसुद्धा नव्हता.

मी तांबट आळीतली.
बापाच्या घंगाळावरचे ठोके मोजत वाढलेली.
गायधनी साहेब म्हणाले, तांबं ओळखतेस ना?
इथंही तांबंच आहे, फक्त ठोकायचं नाही.

हिरव्या पाटीवर तांब्याच्या वाटा,
वाटेच्या टोकाला कथिलाचा थेंब.
मोहरीएवढा हवा.
ज्वारीएवढा झाला की पाटी परत.

नाव ठेवलं गोदा-सोळा.
सोळा हजार अक्षरं तिच्या डोक्यात मावायची,
वीज गेली की सगळी विसरायची.
वीज रोज जायची.

मराठी उमटलीच पाहिजे, हा साहेबांचा हट्ट.
आठ ठिपके उभे, आठ आडवे,
त्यात एकेक अक्षर दुमडून बसवलं.
शेवटी एकाला जागा उरेना.
ङ काढा म्हटलं, तर तो आधीच काढलेला.
मग ळ गेला.
कमळ लिहिलं की पडद्यावर कमल यायची,
आणि कमल तर तिसऱ्या टेबलावर बसलेली,
दर वेळी ओ द्यायची.

प्रोग्राम कॅसेटवर. टेप लावली की किंचाळायची.
खराब टेप मला कानानंच कळायची,
मशीन लावायच्या आधी.
साहेब म्हणायचे, हिचा पगार वाढवा.
वाढवणारेही तेच होते.

रविवार कारंजावर एका दुकानाच्या काचेत ती दोन वर्षं बसली.
लोक विचारायचे, यावर मॅच दिसते का?
पिंपळगावच्या द्राक्षवाल्या शेठनं हिशेबाला नेली,
चारशे पेट्या विसरली म्हणून परत आणली.
एकूण खपल्या दोनशे बारा.

मग बाहेरून आली तयार खोकी.
आमच्या नुसत्या डब्याच्या साच्याला लागले
त्याहून स्वस्त.
साहेबांनी स्कूटर विकून दिवाळी केली.
पुढच्या तीन पगारांऐवजी
प्रत्येकीला एकेक गोदा दिली, खोक्यासकट.
रिक्षात मांडीवर घेऊन आले.
अशी ती शेवटी घरात आली.

परवा अंबड लिंक रोडला भंगारवाल्यानं काट्यावर ठेवली.
दोन किलो दोनशे.
म्हटलं, थांब जरा, आणि झाकण काढलं.
माझेच थेंब. रांगेत, अजून चकचकीत.
कोपऱ्यातला एक
ज्वारीएवढा.

ही पाटी तेव्हा परत कशी आली नाही?