हायम्याचा शुक्रवार

हायमा म्हणजे पेट्रोल पंप, दोन मशिदी,
सलालाच्या वाटेवर घाईत थांबणाऱ्या गाड्या
आणि मी, दवाखान्यातल्या एक्स-रे खोलीतला माणूस.
श्वास धरा, म्हणतो. सोडा, म्हणतो.
एवढं अरबी पुरतं वर्षभर.

बखीत बिन मुसल्लम उंटावरून पडला रमजानात.
पडद्यावर मनगट बघून म्हणाला,
हे माझं? इतकं पांढरं?
मग, हात गळ्यात असतानाच, एका शुक्रवारी
पहाटेच्या नमाजानंतर दारात पिकअपचा हॉर्न:
चल, आता तुला आमची हाडं दाखवतो.

डांबर संपलं ते कुणाला न सांगता.
पुतण्या गाडी चालवत होता स्टिअरिंगने,
बखीत बोटाने.
सपाट इतकं, की काचेवरची माशी
लांबचा उंट वाटावी.

मग धुकं. वाळवंटात, होय,
समुद्राकडून रात्रभर चालत आलेलं.
वायपर लावावे लागले.
एका बाभळीखाली त्याने थांबवलं:
इथे आई चादर टांगायची फांदीला,
उजाडताच पिळायची.
पहिलं पाणी करडांना. उरलं तर आम्हाला.
मी म्हसवडचा, टँकरची रांग मला तोंडपाठ;
पण ओली व्हावी म्हणून टांगलेली चादर
पहिल्यांदाच ऐकत होतो.

पुढे कडा. खाली हुक्फची खोल जमीन,
वाऱ्याने खाल्लेले दगड:
एक बसल्या कुत्र्यासारखा,
एक कशासारखाच नाही.
त्याच्यापाशी मी जास्त वेळ थांबलो.
पायाखाली दगड झालेले शिंपले,
थरावर थर, मध्येच एक बारीक चीर.
सवयीने बोट फिरवलं तिच्यावरून:
जुनं फ्रॅक्चर. नीट न जुळलेलं.
समुद्र निघून गेला तेव्हाचं असेल, बखीत म्हणाला.

निघताना त्याने हातावर एक काळा खडा ठेवला,
चिमणीच्या अंड्याएवढा, दिसतो त्याहून जड.
वरून पडलाय. बघ, आणि परत आण.

रात्री कुणी नसताना टेबलावर ठेवला.
यंत्राच्या यादीत ‘दगड’ नव्हतं,
‘मनगट’ निवडलं.
आणि रिकाम्या खोलीत म्हणून गेलो,
श्वास धरा.

पडद्यावर नुसतं पांढरं.

मोडलंय का कुठे? बखीतने विचारलं.
दिसत नाही, म्हटलं.
त्याने खडा खिशात टाकला,
चांगल्या हाताने.